खाड्याचा हिशेब

भिवंडीच्या यंत्रमाग कारखान्यात पाऊल टाकलं की पहिल्या मिनिटात एक गोष्ट कळते. इथे बोलता येत नाही. पत्र्याच्या छपराखाली पंचवीस-तीस माग चालू असतात. प्रत्येक मागावर लाकडी धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा या टोकाकडून त्या टोकाला फेकला जातो आणि प्रत्येक फेकीला ठोका बसतो. कामगार एकमेकांशी हातानेच बोलतात. कांडी संपली, तार तुटली, शेठ आला, या सगळ्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. हवेत कापसाची बारीक भुकटी तरंगत असते. ती भुवयांवर, पापण्यांवर बसते. पंचविशीतला पोरगाही पाळी संपताना पिकल्या भुवयांचा दिसतो.

असा एक माणूस सहा-आठ माग सांभाळतो. पाळी बारा तासांची, सकाळी आठ ते रात्री आठ किंवा उलट. मजुरी मीटरवर, हिशेब पंधरवड्याला. माग थांबला की मीटर थांबले, आणि माणूसच आला नाही तर वहीत त्याच्या नावापुढे खाडा.

जगातली गरिबी हटवायची तर आरोग्य, शिक्षण, रोजगार, घर, अन्न यांच्या योजना वेगवेगळ्या न चालवता एकत्र गुंफल्या पाहिजेत, असं गेली काही दशकं सगळे म्हणतात. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये ठरवलेल्या सतरा शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी पहिलं गरिबीचं आहे, आणि उरलेली सोळा बाजूला ठेवून ते गाठता येणार नाही, असं तिथेच मान्य केलेलं आहे. याला ‘एकात्मिक धोरण’ असं भारदस्त नाव आहे. मला ते मोजायला भिवंडीतलं माप जास्त सोयीचं वाटतं. एखाद्या योजनेचा लाभ पदरात पडेपर्यंत गरिबाचे खाडे किती पडले?

समजा, आपल्या या माणसाला तीन आठवडे खोकला आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या, असं सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. तो एक दिवस जाऊन थुंकी देतो, दुसऱ्या दिवशी एक्स-रे, मग अहवाल. क्षयरोग निघतो. औषध फुकट आहे, आणि देशभर फुकट आहे, ही मोठीच गोष्ट. उपचार निदान सहा महिन्यांचे. क्षयाच्या रुग्णाला सकस खाता यावं म्हणून २०१८ पासून केंद्र सरकार ‘निक्षय पोषण योजने’तून दरमहा ५०० रुपये देत होतं, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. पैसे थेट बँक खात्यात.

इथून आपला माणूस चालायला लागतो. खातं गावाकडचं, म्हणजे पूर्व उत्तर प्रदेशातलं, आणि केवायसी न केल्यामुळे गोठलेलं. इथल्या शाखेत नवं उघडायचं तर शाखा इथला पत्ता मागते. आधारवर पत्ता गावचा. इथल्या पत्त्यासाठी खोलीचा भाडेकरार हवा. खोलीवाला करार देत नाही, कारण इमारतच कागदावर नाही. करार केला तर त्याचीच मान अडकते. क्षयाच्या जंतूपासून निघालेली वाट अशी अनधिकृत बांधकामापाशी येऊन थांबते. मधल्या प्रत्येक टप्प्याला एक खिडकी, आणि प्रत्येक खिडकीला एक खाडा. पुष्कळ कारखाने शुक्रवारी बंद असतात हे खरं, पण मग त्या शुक्रवारी सगळं गावच त्या खिडकीवर असतं.

यात कोणी चुकलंय म्हणावं तर कोण? आरोग्य खात्याने औषध दिलं. बँकेने कागद तपासले. महापालिकेने बेकायदा इमारतीला कागद दिला नाही. प्रत्येकजण आपल्या जागी बरोबर. मधली सांधणी मात्र त्या खोकणाऱ्या माणसाने पायी केली, स्वतःच्या मजुरीवर. एकात्मिकीकरण आपल्याकडेही होतंच. फक्त ते करायचं काम ज्याला सर्वांत कमी परवडतं त्याच्याकडे दिलेलं आहे.

पोटात अन्न असण्याचा आणि क्षयाचा संबंध किती घट्ट आहे, हे झारखंडमधल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं. ‘रेशन्स’ नावाच्या या प्रयोगात सुमारे २,८०० क्षयरुग्णांच्या कुटुंबांचा अभ्यास झाला. काही कुटुंबांत घरातल्या सगळ्यांना महिन्याचं जादा धान्य-डाळ दिली, काहींत फक्त रुग्णाला. २०२३ मध्ये निष्कर्ष आले: सगळ्यांना शिधा मिळालेल्या घरांत इतरांना क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी. शिधा हे इथे औषधच ठरलं. पण शिधा अन्न खात्याचा आणि क्षय आरोग्य खात्याचा.

मग या माणसाला गरीब म्हणायचं की नाही? जागतिक बँकेची अतिगरिबीची रेषा जून २०२५ पासून दिवसाला माणशी ३ डॉलर आहे. अर्थात बाजारभावाचे डॉलर नव्हेत, त्या त्या देशातली खरेदीशक्ती धरून काढलेले. आपला माणूस कामावर आहे तोवर बहुधा या रेषेच्या वर असतो. खाडे पडू लागले की खाली. रेषा एकाच दिवसाचं चित्र काढते आणि त्याची अडचण तर पुढच्या महिन्यात आहे. म्हणून २०१० पासून दुसरं माप आलं, बहुआयामी गरिबी निर्देशांक. यात पैशाऐवजी कुपोषण, शाळेची वर्षं, संडास, पाणी, इंधन, घर अशा गोष्टी विचारतात आणि एकाच घरात किती उणिवा एकत्र आल्यात ते पाहतात. नीती आयोगाने आपल्यापुरते त्यात १२ निकष ठेवले. मातेचं आरोग्य आणि बँक खातं हे दोन आपण घातलेले. या मापाने देशातले गरीब २०१५-१६ मध्ये २४.८५ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये १४.९६ टक्क्यांवर आले. घट खरी आहे आणि मोठी आहे. मला शंका आहे ती वेगळी. मोजणी कुटुंबाची होते, आणि एका खोलीत दिवसपाळीचे सहा नि रातपाळीचे सहा मिळून राहणारे बाराजण हे कुठलं कुटुंब? गावी त्याची बायको मोजली जाते, तो ‘बाहेरगावी’ असतो. बँक खातं या निकषासमोर त्याच्या घरी बरोबरची खूण होते. खातं गोठलेलं आहे, हे कोणी विचारत नाही.

हा माणूस असा उघड्यावर कसा आला, हे कळायला मुंबईला जावं लागतं. भिवंडीत हातमाग जुने. १८५७ नंतर उत्तरेतून निघालेल्या मोमीन विणकरांनी इथे आणि मालेगावात बस्तान बसवलं असं सांगतात; विजेवरचे माग १९३०च्या दशकात आले. पण गाव फुगलं ते १९८२ नंतर. त्या वर्षी १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. कापडाची मागणी काही संपावर गेली नव्हती. मालकांनी कापड बाहेरून विणून घ्यायला सुरुवात केली आणि गिरण्यांनी भंगारात काढलेले साचे, म्हणजे माग, ट्रकवर चढून भिवंडीत आले.

परळपासून भिवंडी चाळीसेक किलोमीटर. त्याच जातीचा साचा, तेच सूत, तेच कापड. गिरणीतल्या साचेवाल्याला आठ तासांची पाळी होती, महागाई भत्ता होता, फंड होता, ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड होतं. पोराला गोवर निघाला तर दवाखाना होता. हे सगळं मालकांनी उदार होऊन दिलेलं नव्हतं. पन्नास-साठ वर्षांच्या लढ्यांतून एकेक करत ते जमलं होतं. आज ज्याला एकात्मिक सामाजिक सुरक्षा म्हणतात ती हीच: मजुरी, औषधपाणी, म्हातारपण आणि संप करायचा हक्क एकाच कार्डावर. माग भिवंडीला आला तेव्हा कार्ड परळलाच राहिलं.

कायद्याने ते आणता आलं असतं का? कारखाना कायदा १९४८ चा. विजेवर चालणाऱ्या जागेत १० कामगार असले की तो लागू व्हायचा. अलीकडे ही संख्या २० वर नेली आहे. मग एकाच छपराखालचे अठ्ठेचाळीस माग कागदावर चार-पाच ‘कारखाने’ होतात. एक बायकोच्या नावे, एक भावाच्या, एक मेहुण्याच्या. मध्ये भिंत नसते, वीजमीटर मात्र वेगवेगळे. दहाचा आकडा कामगाराच्या रक्षणासाठी लिहिला गेला आणि मालकाला नेमकं कुठे थांबायचं ते सांगून गेला. मालकालाही फार दूषण देता येत नाही. पुष्कळसे भिवंडीकर मागवाले स्वतः मजुरीवरच विणतात: सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, मागवाल्याला पिकामागे ठरावीक पैसे. पीक म्हणजे आडव्या धाग्याची एक फेक. पैशाच्या दराने जगणारा हा ‘शेठ’ फंडाचा हप्ता कुठून भरणार, हा प्रश्न तो विचारतो आणि तो खोटा नाही.

सरकारने या गावासाठी काही केलं नाही असंही नाही. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने गिरणी आणि यंत्रमाग यांना एकाच पंगतीला बसवलं. १९९९ मध्ये तंत्रज्ञान सुधारणा निधी आला. नवे माग घ्यायला व्याजात सवलत. मागांना वीजदरात सवलत तर आधीपासूनची. २००७ मध्ये भिवंडीची वीज वितरणव्यवस्था एका खासगी कंपनीकडे सोपवली गेली, देशातला या प्रकारचा पहिला मोठा प्रयोग. त्याआधी निम्म्याहून जास्त विजेचा पैसा वसूलच होत नव्हता; काही वर्षांत हे नुकसान पाचव्या हिश्श्याच्या खाली आलं. बिलांवरून मोर्चे निघाले, भांडणं झाली, पण भारनियमन घटलं हे मागवालेही कबूल करतात. आता या सगळ्या उपायांचा विषय पाहा: माग, माग, वीज, वीज. लूमला सवलत आहे, लूम चालवणाऱ्याला नाही. एकेक खातं आपलं काम नेटाने करूनही गरिबी जागची का हलत नाही, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

याउलट एक चांगला धडा भिवंडीच्या वेशीवरच आहे. माणकोली, दापोडे, पूर्णा, वळ, राहनाळ या गावांच्या शेतांत आता गोदामं उभी आहेत, मैलच्या मैल. मुंबई ऑनलाइन मागवते ते बरंचसं इथून निघतं. ट्रक भरणारा-उतरवणारा माथाडी आज या दाराशी, उद्या त्या. त्याला एक मालकच नाही. अण्णासाहेब पाटलांनी हमालांची संघटना बांधली आणि त्यातून १९६९ मध्ये महाराष्ट्राचा माथाडी कायदा आला. त्यातली युक्ती साधी आणि भन्नाट आहे. मालक, कामगार आणि सरकार यांचं मंडळ. माल ज्याचा त्याने मजुरीवर ठरावीक लेव्ही मंडळात भरायची. फंड, ग्रॅच्युइटी, रजा, दवाखाना मंडळ बघणार. मालक बदलला तरी खातं एकच. बनावट माथाड्यांनी खंडणी मागायची, व्यापाऱ्यांनी नोंदणीच टाळायची, अशी कीड या व्यवस्थेला लागली आहे, पण जगभर ‘प्लॅटफॉर्म कामगारां’साठी आज जी रचना शोधताहेत ती मस्जिद बंदरच्या हमालांसाठी आपण पंचावन्न वर्षांपूर्वी लिहून ठेवली. यंत्रमाग कामगारांसाठीही असं मंडळ हवं, ही मागणी जुनी आहे.

दुसरी युक्तीही महाराष्ट्राचीच. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी आकाराला आली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी त्याआधी सांगलीकडे तिचा छोटा प्रयोग करून पाहिला होता. पुढे १९७७ चा कायदा झाला आणि त्यातूनच २००५ ची राष्ट्रीय योजना. लोक विसरतात ते पैशाचं. १९७५ मध्ये शहरी नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला, तो या हमीसाठी. पगारपत्रकातली ‘पीटी’ची कपात म्हणजे शहराने खेड्याच्या मजुरीत भरलेली वर्गणी. कामाच्या जागी पिण्याचं पाणी आणि पोरांसाठी पाळणाघर, हेही त्यात होतं, कारण बाई खडी फोडायला आली की तान्हं कुणाकडे, हे कोणीतरी आधी विचारून ठेवलं होतं. ही हमी खेड्यापुरती. भिवंडीतला माग बंद पडला तर कामगाराला हमी मिळायला आधी गावी परतावं लागतं.

ते परतणं सगळ्या देशाने मार्च २०२० मध्ये पाहिलं. टाळेबंदी लागली, माग थांबले, आणि चार-आठ दिवसांत भिवंडी बायपासवरून नाशिकच्या दिशेने रांगा लागल्या. मे महिन्याच्या सुरुवातीला भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरला श्रमिक गाडी सुटली. एवढी माणसं एवढ्या लवकर का निघाली? कारण रेशनकार्ड गावी होतं. अन्नाचा हक्क २०१३ च्या कायद्याने दिलेला, पण तो एका दुकानाला खिळलेला. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ २०१९ मध्ये काही राज्यांत सुरू झालं होतं, ते २०२२ पर्यंत देशभर पोचलं. आता घरातल्यांनी गावी आपल्या वाट्याचं घ्यावं आणि याने इथे आपल्या वाट्याचं, असं जमू शकतं. माझ्या मते गेल्या दहा वर्षांतली ही सर्वांत कमी वाजतगाजत झालेली आणि सर्वांत कामाची सुधारणा. दुकानदाराने ‘बाहेरचं कार्ड आहे, नंतर या’ म्हटलं की मात्र पुन्हा एक खाडा.

जगात हे सांधण्याचे दोन-तीन मार्ग निघाले आहेत. ब्राझीलने २००३ मध्ये चार वेगवेगळी अनुदानं मोडून एकच ‘बोल्सा फामिलिया’ केली; सगळ्या गरीब घरांची एकच नोंदवही, पैसा शक्यतो बाईच्या हाती, आणि मुलांची शाळा नि लस चुकवायची नाही. बांगलादेशात ‘ब्रॅक’ने २००२ पासून अतिगरिबांना गाय-शेळी, काही महिने खर्ची, प्रशिक्षण, बचत आणि दर आठवड्याला घरी येणारा माणूस असं सगळं एकदम दिलं, सहा देशांतल्या दहा हजारांवर कुटुंबांवर त्याची चाचणी झाली आणि २०१५ मध्ये दिसलं की मदत थांबल्यावर वर्षभरानेही फरक टिकून होता. केरळने ६४,००६ अतिगरीब कुटुंबं हुडकून प्रत्येकासाठी वेगळा आराखडा केला आणि १ नोव्हेंबर २०२५ ला काम पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. आकड्यावर वाद झाला, पद्धत मात्र उचलावी अशीच आहे. यांतल्या शेवटच्या दोन्हीकडे एक गोष्ट समान. कुटुंबाने खात्यांकडे जायचं नाही, कोणीतरी त्याच्या दारी यायचं.

भिवंडीत असं दारी जाण्याचा एक प्रयोग झाला, तोही गरिबी हटवण्यासाठी नव्हे. मे १९७० आणि मे १९८४ च्या दंगलींनी हे गाव होरपळलं होतं. १९८८ च्या सुमारास पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यांत हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांच्या समित्या बसवल्या. पोलीस तिथे नेमाने जाऊन बसू लागले. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. दंगल म्हणजे सगळ्या गावाचा एकदम पडलेला खाडा. संचारबंदीत माग चालत नाहीत. गरिबीच्या अहवालांत पोलीस खातं कधी दिसत नाही. भिवंडीचा अनुभव असा, की ते दिसायला हवं.

आणि अखेर भिशी. मराठी वाचकाला भिशी म्हणजे महिन्याला पैसे जमवून चिठ्ठी काढणं. भिवंडीत भिशी म्हणजे कामगारांची खानावळ. एखाद्या गाळ्यात बाई स्वयंपाक करते आणि पाळी सुटली की पाट मांडल्यासारखी माणसं भिंतीला लागून बसतात. उत्तरेकडच्यांच्या भिशीत डाळ-रोटी, तेलंगणाच्या पद्मशालींच्या भिशीत भात आणि आंबट कालवण. पैसे रोजच्या रोज नाही, हिशेब झाला की. आजारी पडलास, काम नाही, तरी ताट चालू. वहीत चढत जातं. ट्रंक तिथेच, गावचा निरोप तिथेच, कुठल्या कारखान्यात जागा आहे ही बातमी तिथेच. अन्न, उधारी, पत्ता आणि रोजगार कचेरी एका खोलीत, आणि एकाही अर्जाशिवाय. मी भिवंडीतली सर्वांत एकात्मिक योजना म्हणून तिचंच नाव घेईन. तिचे दोषही मोठे आहेत. उधारी चढली की माणूस त्या भिशीला नि त्या मालकाला बांधला जातो, आणि पन्नास जणांचं रांधणारी बाई स्वतः कुठल्याच यादीत नसते. २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’चे १,५०० रुपये सुरू झाले, त्यालाही महाराष्ट्राची रहिवासी असण्याचा पुरावा लागतो. टाळेबंदीत किराणा थकला आणि भिश्या बंद झाल्या. माणसं चालू लागली ती त्यानंतर.

आणि ज्या खोलीचा करार मिळत नव्हता, तिचं काय? २१ सप्टेंबर २०२० ला पहाटे भिवंडीच्या पटेल कंपाउंडमधली तीन मजली जिलानी इमारत कोसळली. चाळिसाच्या आसपास माणसं गेली, त्यांत लहान मुलं पुष्कळ. भाडं परवडेल अशा खोल्या याच इमारतींत असतात. नोटीस लावून रिकाम्या करायच्या तर जायचं कुठे, आणि न कराव्यात तर हे. २०२२ च्या हिवाळ्यात गोवराची साथ आली तेव्हाही भिवंडीतली दाटीच्या वस्तीतली घरंच आधी सापडली. घर आणि लस यांचं खातं वेगळं, विषाणूला ते माहीत नव्हतं.

मोठ्या आराखड्यांची वाट न पाहता काही गोष्टी लगेच करता येण्याजोग्या आहेत. क्षयाच्या रुग्णाचं बँकेचं काम दवाखान्यातच व्हावं. भिशीचा पत्ता हा पत्ता मानावा. रेशनची तक्रार कारखान्याच्या दाराशी घ्यावी. आणि वेळ बदलावी, हे तर सगळ्यांत स्वस्त. मुंबई महापालिकेने २०२२ मध्ये ‘आपला दवाखाना’ सुरू केला तेव्हा तो रात्री दहापर्यंत उघडा ठेवला. पुढच्या वर्षी महाराष्ट्र दिनापासून राज्यभर तसेच दवाखाने सुरू झाले, दुपारी दोन ते रात्री दहा. या वेळापत्रकाला कोणी धोरण म्हणत नाही. पण दिवसपाळी आठला सुटते. अंगावरची रुई झटकून, तोंड धुऊन, भिशीत जेवण आटपूनही आपल्या माणसाकडे तासभर उरतो.